वर्तनातील बदल (असल्यास)

ऋजुता नावाची मुलगी फॉर्म देऊन गेली.
गमबूट तिच्या मापाचे नव्हते,
बांधावर दर पावलाला पच्‌ पच्‌.
“काका, तुम्ही रोज रात्री इथेच असता.
जे दिसतं तेवढंच लिहा.”

बरं. जे दिसतं तेवढंच.

भांडुपची खाडी, पंपघराची मागची बाजू.
खारफुटीत कोल्हे पाच.
गेल्या साली सात होते.

वेळ.
पूर्वी दिवेलागणीला निघायचे.
आता पावणेतीनला,
चिकनवाल्यांचा टेम्पो नाल्याकाठी रिकामा झाला की.
पाच मिनिटं उशीर झाला टेम्पोला
तर नर बांधावर येऊन रस्त्याकडे बघत बसतो,
पाळीवरचा माणूस बदलीची वाट बघतो तसा.

आहार.
कोल्हा काकडीला राजी, म्हणतात.
काकडी इथे कुठली!
कोंबड्यांचे पाय, लग्नाच्या हॉलमागचा भात,
एकदा मोमोचा डबा, झाकण न फाडता उघडलेला.
श्रावणात टेम्पो अर्धाच येतो,
मग हे परत चिखलात उतरतात,
चिंबोऱ्यांची बिळं उकरतात ओहोटी बघून.
म्हणजे श्रावणात कोल्हे पुन्हा कोल्हे होतात.
(हे वाक्य नको असेल तर खोड.)

भीती.
टॉर्चला नाही. माणसाला वीस पावलांपर्यंत नाही,
ही पावलं मी मोजलीत, माझी.
पुलाच्या कामाचे मोठे दिवे लागले
तेव्हा आठ रात्री दिसलेच नाहीत.
नवव्या रात्री त्याच उजेडात उंदीर धरत होते.

रस्ता.
मादी कडेला थांबते. डंपर जाऊ देते.
डंपरमागे डंपर असतो, हे तिला ठाऊक आहे.
पिल्लांना नव्हतं.
वर सातातून पाच लिहिले, ते असे.
दुसऱ्या रात्री ती त्याच जागी आली,
थांबली, दोन्ही बाजूंना पाहिलं,
आणि ओलांडलंच नाही.
तिसऱ्या रात्री ओलांडलं.

आवाज.
इथे जरा जागा कमी पडेल, मागच्या पानावर लिहितो.

माझे बाबा, हिराजी, पलीकडच्या मिठागरात होते.
तेव्हा कोल्हे आपल्या मनाने ओरडायचे.
म्हातारी कोल्ही ओरडली की बाबा फावडं टेकवायचे,
“भालू बोलली,” एवढंच म्हणायचे,
आणि त्या रात्री घरात कोणी मोठ्याने हसायचं नाही.
आता भालू वगैरे कोण मानतो.
आता हायवेवरून अँब्युलन्स गेली की हे सगळे ओरडतात.
एक सुरू करतो, खाडीपलीकडून दुसरा धरतो,
सायरन मुलुंडच्या पुढे गेला तरी यांचं चालूच.
नवे ऑपरेटर हसतात. मीही हसायचो.

माघातली एक रात्र. मी ड्यूटीवर.
तीन वाजून दहा मिनिटांनी सायरन गेला,
पाचही ओरडले.
दोन नंबरचा पंप गरम होत होता, मी तिकडे धावलो.
घरचा फोन साडेतीनला आला.
तो सायरन बाबांचा होता.
कोल्ह्यांनी आधीच सांगितलं होतं, असं मी म्हणणार नाही.
ते रोजच सगळ्यांनाच सांगतात.
फक्त लिहून ठेवतो :
त्या रात्री कोणीतरी त्यांच्यासाठी ओरडलं,
आणि तो मी नव्हतो.

पाणी. (हा रकाना फॉर्मात नव्हता, मी आखलाय.)
सगळीकडे खारं. गोडं फक्त एकाच ठिकाणी,
आमच्या कुंपणापाशी गळका व्हॉल्व आहे तिथे.
चारच्या सुमाराला रांगेने येऊन पितात,
मादी सगळ्यांत शेवटी.
दुरुस्तीचा अर्ज तयार आहे,
साहेबांची सही तेवढी घ्यायची राहिलीय.
तीन वर्षं खणात आहे.

ऋजुता, तुझा पेन इथेच राहिलाय.
नेशील तेव्हा चारच्या आधी ये,
आणि कृपा करून, ते गमबूट घालू नकोस.